नावडतीचें मीठ

"नावडतीचें मीठ अळणी" ही म्हण आपल्या घरांघरांतून ऐकूं येते. एखाद्या व्यक्तीविषयीं मन एकदां विटलें म्हणजे तिनें घातलेल्या मिठालाहि चव लागत नाहीं, असा तिचा भावार्थ. दोष मिठाचा नसतो. जिभेच्या मागें बसलेल्या मनाचा असतो. ग्रंथांच्या बाबतींतहि हाच प्रकार आढळतो. जी कथा चार-पांच भागांत क्रमानें प्रसिद्ध होते, तिचा एखादा भाग वाचकांचा लाडका होतो आणि एखाद्याच्या कपाळीं नावडतेपण येतें. लाडक्या भागाचीं पानें वाचून वाचून सैल होतात. नावडता भाग मात्र फळीवर नवाकोरा राहतो. अशाच एका नावडत्या भागाविषयीं आम्ही येथें चार शब्द लिहीत आहों. ते विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या आईबापांनीं एकत्र बसून वाचावेत, अशी आमची विनंति आहे.

स्टेफनी मायर ह्या अमेरिकन लेखिकेची 'ट्वायलाइट' ही कथामाला आमच्या विद्यार्थ्यांस अपरिचित नाहीं. तिचे मूळ भाग चार : 'ट्वायलाइट' (२००५), 'न्यू मून' (२००६), 'एक्लिप्स' (२००७) व 'ब्रेकिंग डॉन' (२००८). पुढें २०२० सालीं निघालेल्या 'मिडनाइट सन' ह्या पुस्तकांत पहिल्याच भागाची कथा नायकाच्या मुखानें पुन्हां सांगितली आहे. मूळच्या चार भागांपैकीं नावडता कोणता असें विचारल्यास पुष्कळ वाचक 'न्यू मून'चें नांव घेतात. आमचेंहि मत तेंच होतें आणि दुसऱ्या वाचनानंतरहि तेंच आहे. तथापि त्या दुसऱ्या वाचनानें आमची एक खात्री झाली. चारांतून एकच भाग पुन्हां वाचावयाचा असेल, तर तो हाच होय.

ज्या आईबापांनीं हीं पुस्तकें पाहिलीं नाहींत, त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करणें अवश्य आहे. 'व्हँपायर' म्हणजे मेल्यावरहि न मेलेला आणि माणसांच्या रक्तावर जगणारा, असा युरोपांतील दंतकथांमधला जीव. इंग्रजी वाङ्मयांत त्याला १८१९ सालीं जॉन पॉलिडोरी ह्यानें कथेचा नायक केलें, आणि १८९७ सालीं ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'नें त्याची कीर्ति जगभर पोंचविली. आपल्या विक्रम-वेताळाच्या गोष्टींचा अवतार रिचर्ड बर्टन ह्यानें १८७० सालीं इंग्रजींत प्रसिद्ध केला, तेव्हां त्यानें आपल्या वेताळाला 'व्हँपायर' हेंच नांव दिलें. मायरबाईंनीं ह्या जुन्या भयकथेला निराळें वळण दिलें आहे. त्यांचें कलन कुटुंब माणसांचें रक्त न पिण्याचें व्रत पाळतें आणि वन्य पशूंवर भूक भागवितें. पहिल्या भागाची गोडी भयांत नसून ह्या संयमांत आहे. अमेरिकेच्या वायव्य टोंकाला, वॉशिंग्टन राज्यांत, फोर्क्स नांवाचें एक पावसाळी गांव आहे. तेथें आपल्या पोलीस-अधिकारी वडिलांकडे राहावयास आलेली बेला स्वान ही मुलगी आणि ह्या कुटुंबांतला एडवर्ड ह्यांचें प्रेम, हा त्या भागाचा विषय.

दुसऱ्या भागाच्या आरंभीं बेलाचा अठरावा वाढदिवस येतो. भेटवस्तूवरचा कागद सोडवितांना तिचें बोट कापतें. रक्ताचा थेंब दिसतांच एडवर्डचा भाऊ जॅस्पर भान हरपून तिच्यावर धांवून जातो. आपल्या सहवासांत हिच्या जिवाला धोका आहे, असें एडवर्डच्या मनानें घेतलें. थोड्याच दिवसांत तो तिला रानांत नेतो, आपलें तिच्यावर प्रेम उरलें नाहीं असें खोटेंच सांगतो, आणि सहकुटुंब गांव सोडून जातो. हें सर्व तिसऱ्या प्रकरणापर्यंत घडून जातें. त्यानंतर त्याची व बेलाची प्रत्यक्ष भेट होते ती विसाव्या प्रकरणांत! पुस्तकाचीं प्रकरणें अवघीं चोवीस. ज्या नायकासाठीं वाचकानें पुस्तक हातीं घेतलें, तोच इतका वेळ बेपत्ता असल्यावर तें नावडतें झालें ह्यांत नवल तें काय?

परंतु हें नावडण्याचें कारणच नीट न्याहाळून पाहण्यासारखें आहे. वाचकाला ज्याचा कंटाळा येतो, तेंच बेलाचें दुःख होय. नायक नाहीं, दिवस सरत नाहींत, कशांत गोडी वाटत नाहीं, ही तक्रार जशी वाचकाची तशीच तिचीहि. लेखिकेनें वाचकाला तिच्या दुःखाचें वर्णन वाचावयास दिलें नाहीं. त्याला त्या दुःखांत नेऊन बसविलें. तिसरें प्रकरण संपल्यावर चार पानें येतात. त्यांवर ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर व जानेवारी एवढीं महिन्यांचीं नांवें मात्र छापलेलीं आहेत; बाकी सारीं पानें कोरीं. प्रथम वाचतांना हीं पानें क्षणांत उलटलीं जातात. दुसऱ्या वेळीं त्यांवर हात थबकतो.

विरहाचें वर्णन आपल्या वाङ्मयाला नवीन नाहीं. कालिदासाच्या 'मेघदूतां'तला यक्षहि प्रियेपासून दूर आहे, आणि त्याच्याहि शापाचे चारच महिने उरलेले आहेत. परंतु यक्षाच्या दुःखाला मुदत आहे, निरोप न्यावयास मेघ आहे, आणि मुख्य म्हणजे बोलावयास वाणी आहे. ह्या मुलीच्या दुःखाला मुदत नाहीं, दूत नाहीं आणि शब्दहि नाहींत. खरें खोल दुःख पुष्कळदां असेंच मुकें असतें. कोवळ्या वयांत तर तें अधिकच मुकें असतें, कारण त्याला नांव देण्याइतकी भाषा अजून हातीं आलेली नसते. तरुणांसाठीं लिहिलेल्या लोकप्रिय पुस्तकानें ही गोष्ट चार कोऱ्या पानांनीं सांगावी, हें आम्हांस प्रामाणिकपणाचें लक्षण वाटतें.

आतां आईबापांनीं विशेष लक्ष द्यावें असा भाग सांगतों. ह्या चार महिन्यांत बेला करीत काय होती? ती वेळेवर शाळेंत जात होती, अभ्यास करीत होती, परीक्षेंत चांगले गुण मिळवीत होती, नोकरीवर जात होती, घरीं येऊन वडिलांचा स्वयंपाक करीत होती. उशिरां घरीं येणें नाहीं, उलट उत्तर नाहीं, हट्ट नाहीं. आपल्याकडे अशा मुलीला शहाणी म्हणतात, आणि शेजारणी आपल्या मुलींना तिचा दाखला देतात. पण तिचे वडील चार्ली फसत नाहींत. रात्रीं झोपेंत ती किंचाळते, हें त्यांना ठाऊक आहे. अखेर एके दिवशीं ते स्पष्टच सांगतात कीं, तूं कांहीं आगळीक केली असतीस तर बरें झालें असतें. हें निर्जीवपण पाहवत नाहीं. तिला आईकडे पाठवावें काय, तिनें एखाद्या तज्ज्ञाशीं बोलावें काय, हे उपायहि ते पुढें मांडतात. चार्ली स्वभावानें अबोल. मनांतलें बोलतांना त्यांची जीभ अडखळते. तरी ते बोलतात. आज्ञाधारक मूल म्हणजे सुखी मूल असें नव्हे, हें त्या साध्या पोलीस-अधिकाऱ्याला कळतें. हें किती सुशिक्षित आईबापांच्या ध्यानांत येतें?

आणि त्या कोऱ्या पानांवरचा मजकूर पुढें आपल्याला वाचावयास मिळतो, तोहि ह्याच वडिलांच्या मुखानें. पुस्तकाच्या उत्तरार्धांत एडवर्डची बहीण ॲलिस परत येते. चार्लींचा जिवलग मित्र हॅरी नुकताच वारला आहे. स्वतःच्या शोकांत असतांनाच ते ॲलिसला त्या महिन्यांची हकीगत सांगतात. पहिले कित्येक दिवस मुलगी खात नव्हती, हालत नव्हती. तिची आई तिला न्यावयास आली, तिचे कपडे बांधूं लागली, तेव्हां कोठें तिनें आकांत केला. बेला शेजारींच डोळे मिटून पडलेली आहे आणि सर्व ऐकते आहे. आपल्या दुःखाच्या काळांत दुसरेंहि एक माणूस त्याच घरांत जळत होतें, हें तिला तेव्हां कळतें. प्रथम वाचनांत वाचक ॲलिसच्या आगमनानें इतका हर्षभरित झालेला असतो कीं, नायक आतां येणार ह्या उत्कंठेनें तो हीं पानें धांवत ओलांडतो. आमच्या मतें संपूर्ण ग्रंथांतला सर्वांत मोलाचा भाग तोच होय. मुलीला जें सांगतां आलें नाहीं, तें बापानें सांगितलें!

चार्लींच्या जोडीला दुसरा एक जण आहे, तो म्हणजे जेकब. हा क्विलिउट जमातीचा मुलगा मोडक्या मोटारसायकली दुरुस्त करतां करतां बेलाला हंसावयास शिकवितो. जो गेला त्याच्याविषयीं कथेंत जितकें बोललें जातें, तितकें जे राहिले त्यांच्याविषयीं बोललें जात नाहीं. पण बेलाला जगविलें तें राहिलेल्यांनीं. येथें एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं जाणून घ्यावी. क्विलिउट ही कल्पनेंतली जमात नव्हे. ला पुश ह्या समुद्रकांठच्या वस्तींत ती आजहि नांदत आहे. लांडग्यांपासून आपले पूर्वज निर्माण झाले अशी तिची प्राचीन कथा आहे. परंतु व्हँपायरांशीं लढण्यासाठीं तरुणांनीं लांडग्यांचीं रूपें घ्यावीं, ही कल्पना लेखिकेची. त्सुनामीच्या भयामुळें गांवाचा सखल भाग व शाळा उंच जागीं नेतां यावी म्हणून २०१२ सालच्या कायद्यानें ह्या जमातीला राष्ट्रीय उद्यानांतील सुमारें ७८५ एकर जमीन मिळाली. जेकबवर लोभ करणाऱ्या वाचकानें त्याच्या खऱ्या भाऊबंदांविषयीं इतकें तरी जाणावें.

येथवर आम्हीं मिठाची चव सांगितली. आतां जें खुपतें तेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे.

पहिला आक्षेप एडवर्डच्या जाण्यावर आहे. हिचें हित कशांत आहे हें त्यानें एकट्यानें ठरविलें. तिला विचारलें नाहीं, उलट असत्य सांगितलें. कथा ह्याला त्याग म्हणते. आम्ही ह्याला त्याग म्हणत नाहीं. ज्याच्यासाठीं त्याग करावयाचा त्यालाच अंधारांत ठेवणें, हा त्याच्या बुद्धीचा अनादर आहे. प्रेम कितीहि मोठें असो, त्यानें खोटें बोलण्याचा परवाना मिळत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपण संकटांत सांपडलों म्हणजे एडवर्डचा आवाज कानीं येतो, असें बेलाला आढळून येतें. म्हणून ती जाणूनबुजून संकटें ओढवून घेते. मोटारसायकल भरधांव सोडते, कड्यावरून खवळलेल्या समुद्रांत उडी टाकते. आणि कथा तिला ह्याचें बक्षीस देते! ही उडी ॲलिसला तिच्या दिव्य दृष्टीनें दिसते म्हणून ॲलिस येते. ती वार्ता विपरीत रूपानें एडवर्डपर्यंत जाते आणि त्यांतूनच पुढें दोघांची भेट घडते. दुःखी मुलानें जीव धोक्यांत घातला म्हणजे गेलेलें माणूस परत येतें, असा ह्या घटनांच्या सांखळीचा अर्थ होतो. खऱ्या जगांत असें घडत नाहीं. कड्याखालीं समुद्र असतो आणि वरती रडणारे आईबाप असतात, एवढेंच घडतें. ही गोष्ट पुस्तक सांगत नाहीं. म्हणून ती येथें आम्ही सांगतों.

तिसरी गोष्ट अर्धवट निरोपाची. वाढदिवसाच्या दिवशींच हीं दोघें 'रोमिओ आणि ज्युलिएट'चा चित्रपट पाहतात. तीं प्रकरणें पुन्हां वाचतांना पुढच्या साऱ्या अनर्थाचें बीज तेथेंच दिसूं लागतें. एडवर्ड फोन करतो. चार्ली अंत्यविधीला गेले आहेत एवढेंच त्याच्या कानीं येतें. अंत्यविधि हॅरीचा, तो समजतो बेलाचा. दुसरा शब्द न विचारतां तो इटलींतील व्हॉल्टेरा ह्या नगरांत मरण मागावयास जातो, आणि बेलाला त्याला वांचविण्यासाठीं धांवावें लागतें. सोळाव्या प्रकरणाचें नांव 'पॅरिस' असें आहे. तें शहराचें नांव नव्हे. शेक्सपिअरच्या नाटकांत ज्युलिएटला मागणी घालणाऱ्या, पण तिला नको असलेल्या सरदाराचें आहे. रोमिओ मरण्याऐवजीं नुसता सोडून गेला असता तर ज्युलिएट पॅरिसबरोबर जगली असती काय, असा प्रश्न बेला तेथें स्वतःला विचारते. प्रश्न उत्तम आहे. दुर्दैवानें त्याचें उत्तर पुरतें शोधण्यापूर्वींच लेखिका नायकाला परत आणते. प्रेमभंगानंतरहि आयुष्य असतें, तें हळूहळू पुन्हां गोड होतें, हें ह्या भागाला सांगतां आलें असतें. जेकबच्या गराजांत तें जवळजवळ सांगून झालेंच होतें! दुःख कसें असतें हें ज्या पुस्तकानें इतकें खरें सांगितलें, त्यानें त्यावरचा उपाय मात्र खोटा सांगितला. ही आमची तक्रार आहे, आणि हेंच आमच्या नावडीचें आजचें कारण आहे.

ह्यावर कित्येक पालक म्हणतील, "असें आहे तर पुस्तक मुलांच्या हातीं द्यावेंच कशाला?" त्यांच्या काळजीचा आम्ही मान राखतों, परंतु त्यांचा उपाय आम्हांस मान्य नाहीं. हिसकावून घेतलेलें पुस्तक अभ्यासाच्या वहीखालीं लपून वाचलें जातें, आणि लपून वाचलेल्या पुस्तकाविषयीं मूल कोणाला प्रश्न विचारूं शकत नाहीं. मुलाच्या मनांत जें चाललें आहे तें जाणण्याची एक वाट आपण आपल्याच हातानें बंद करतों. त्यापेक्षां आईबापांनीं तें पुस्तक स्वतः वाचावें. निदान चार्लींचीं प्रकरणें तरी वाचावींत. मग जेवतांना सहज विचारावें, "एडवर्डनें केलें तें बरोबर होतें काय? तूं बेलाची मैत्रीण असतीस तर काय केलें असतेंस? तिनें वडिलांना काय सांगावयास हवें होतें?" ह्या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून आपलें मूल आपल्याला जितकें कळेल, तितकें प्रगतिपुस्तकाच्या गुणांवरून कळणार नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस आमचें सांगणें थोडकें आहे. आवडत्या पुस्तकांत आपण पुष्कळदां स्वतःचीच आवड वाचीत असतों. नावडत्यांत दुसऱ्याचें म्हणणें ऐकावें लागतें. म्हणून वर्षांतून एकदां तरी फळीवरचें एखादें नावडतें पुस्तक काढून शेवटपर्यंत वाचावें, आणि तें कां आवडलें नाहीं हें चार ओळींत लिहून ठेवावें. "कंटाळवाणें" एवढ्या एका शब्दावर थांबूं नये. कंटाळा नक्की कोठें सुरू झाला तें पान शोधावें. आणि दुसरें, ह्याहून महत्त्वाचें : तुमच्या आयुष्यांत तशीं कोरीं पानें आलीं, सकाळ-संध्याकाळ सर्व कामें होऊनहि आंत कांहीं उरलें नाहीं असें वाटूं लागलें, तर चार महिने वाट पाहूं नका. आईजवळ, वडिलांजवळ, शिक्षकांजवळ, ज्याच्यावर तुमचा विश्वास असेल त्याच्याजवळ, एक वाक्य बोला. तें नीट जुळलेलें नसलें तरी चालेल. चार्लींनाहि नीट बोलतां येत नव्हतें.

'न्यू मून' ह्या नांवाचा अर्थ अमावास्येचा चंद्र. अमावास्येला चंद्र नाहींसा झालेला नसतो. तो सूर्याच्या बाजूला असतो आणि त्याची उजळलेली बाजू आपल्याकडे नसते, इतकेंच. ह्या पुस्तकाच्या अखेरीस असें उघडकीस येतें कीं, एडवर्डनें नेलेलीं छायाचित्रें व भेटी बेलाच्याच खोलींतील लांकडी जमिनीखालीं सर्व काळ पडून होत्या. तिला वाटलें, सारें गेलें. आणि ती त्यावरूनच चालत होती. पण त्याहूनहि जवळ, भिंतीपलीकडच्या खोलींत, तिचे वडील जागे होते. तें तिला दिसावयास चार महिने लागले. वाचकाला दिसावयास दुसरें वाचन लागतें. पुस्तक आम्हांस नावडतें तें नावडतेंच. पण त्याचें मीठ अळणी नाहीं.